काच नव्हे, मुशी

गिरीज गावच्या एस्थरबाई शाळेत पीटी शिकवायच्या. त्यांना पाहिलं की मुली आधी वेण्या घट्ट करायच्या. निवृत्तीनंतरही त्यांचा नेम मोडला नाही. चर्चमधली सकाळची मिस्सा झाली की स्कूटरवरून किनाऱ्यावर जायचं आणि पोहायचं. या वयात हे काय, असं गावात बोलायचे. त्या लक्ष द्यायच्या नाहीत. तसंही त्यांचं कुणाशी फारसं गोड नव्हतं.

मार्चमधल्या एका सकाळी पाणी गढूळ होतं. खाडीच्या तोंडाशी कुणीतरी जाळी झाडून मासळीचा कचरा टाकून गेलं होतं, वर घारी फिरत होत्या. एस्थरबाई तिथंच छातीभर पाण्यात असताना उजव्या पोटरीला जोराचा हिसका बसला. आधी दुखलंच नाही, फक्त पाय गरम वाटला. मग पाणी लाल दिसलं. त्या कशाबशा बाहेर आल्या, टॉवेल आवळून बांधला आणि नवऱ्याला, व्हॅलेरियनना, फोन लावला.

दवाखान्यात जखम धुतल्यावर दातांची अर्धगोल रांग दिसली. "मुशी आहे," डॉक्टर म्हणाले. "लहान शार्क. गढूळ पाण्यात पायाला मासा समजली असेल. असं क्वचितच होतं."

संध्याकाळी दीर प्लासिड शहाळी घेऊन आला. किनाऱ्यालगत त्याची कॉटेजेस होती आणि ईस्टरचं बुकिंग भरलं होतं.

"वहिनी, कुणी विचारलं तर काच लागली म्हणा."

"काचेला दात असतात का, प्लासिड?"

"तुमच्या एका पायासाठी माझा सीझन बुडवू नका."

व्हॅलेरियन मोसंबं सोलत होते. "घरातलं घरात राहू दे," ते हळूच म्हणाले. एस्थरबाईंनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

पेपरचा वार्ताहर आला तेव्हा त्यांनी जे झालं ते सांगितलं. बातमी छापून आली आणि प्लासिडची बुकिंग्ज रद्द व्हायला लागली. बाईला पेपरात फोटो हवा होता, असं तो गावभर सांगत सुटला. चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसेना. एका सकाळी फाटकाला मुशीचं मेलेलं पिल्लू टांगलेलं मिळालं, डोकं ठेचलेलं. एस्थरबाईंनी ते काढून केळीच्या बुंध्याशी पुरलं. पिल्लाची त्यांना दया आली नाही, पोटरी अजून ठणकत होती. पण ज्यानं ते टांगलं त्याची मानगूट त्यांना हातात हवी होती.

ईस्टरच्या दुपारी त्या काठी टेकत किनाऱ्यावर गेल्या. प्लासिडचे पाहुणे नेमके खाडीच्या तोंडाशी पाण्यात होते.

"बाहेर या," त्यांनी मैदानावरच्या आवाजात सांगितलं. "पोहायचं तर उत्तरेला जा. तिकडं पाणी स्वच्छ आहे. इथं मुशी येते."

प्लासिड धावत आला, त्यानं त्यांचं कोपर धरलं. "आमच्या घरात आलात तेव्हापासून हेच चाललंय तुमचं."

"हात सोड. पोहू नका असं मी म्हणत नाही. कुठं पोहायचं ते सांग म्हणते. तेवढंही तुझ्याच्यानं होत नाही."

त्यानं हात सोडला नाही. एस्थरबाईंनी काठी त्याच्या नडगीवर मारली, मग सलवार वर करून पोटरी सगळ्यांना दाखवली. तिथला मांसाचा लचका तुटून गेला होता, जांभळा खड्डा उरला होता. एक बाई मुलीला घेऊन निघून गेली, काही जण उत्तरेकडे सरकले. उरलेले हसले आणि तिथंच डुंबत राहिले. त्यांना काही झालं नाही. प्लासिडनं हेही गावभर सांगितलं.

पावसाळा सरल्यावर एस्थरबाई पुन्हा पाण्यात उतरल्या, खाडीपासून लांब, ऊन चढल्यावर. जमिनीवर त्या लंगडतात, पाण्यात नाही. प्लासिडनं सूचनेचा बोर्ड लावला नाही. त्यांनी स्वतः लावलेला दोनदा उपटला गेला. तिसरा त्यांनी सिमेंटमध्ये रोवला.

नाताळनंतर प्लासिडच्या मुलीचं, रोवेनाचं, लग्न झालं. घरी आलेल्या पत्रिकेवर फक्त व्हॅलेरियनचं नाव होतं. लग्नाच्या दिवशी ते कोट घालून दारात घुटमळले.

"जा," एस्थरबाई म्हणाल्या. "पण माझ्या वतीनं शुभेच्छा देऊ नका."