शेवटचं 'होय'

पौषातलं मळभ. वारा पडलेला, विजयदुर्गाच्या खाडीवर धुकं बसून. आंब्याचा मोहोर काळा पडेल म्हणून वाडीतले सगळे फवारणीच्या मागे. किशोरी गुरवने अंगण झाडलं, पिंपात पाणी भरलं आणि ओट्यावर बसून लॅपटॉप उघडला.

ती काम करते ती कंपनी पुण्याची. दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. पूर्वी नवा कोड किशोरी हाताने सर्व्हरवर चढवायची. बेचाळीस पायऱ्या, वहीत लिहिलेल्या. गेल्या वर्षी तिनेच या पायऱ्या आपोआप करणारी पाइपलाइन बसवली. कोणी कोड टाकला की त्याची जुळणी आपोआप, टेस्ट आपोआप. शेवटी मात्र तिने एक थांबा ठेवला: तिने 'होय' दाबल्याशिवाय कोड पुढे जायचा नाही. असं कर म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. तिचे वडील, बाबली गुरव, गावच्या देवाला कौल लावतात. मूर्तीला पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. न विचारता या घरात म्हैससुद्धा विकली जात नाही.

नऊ वाजता तिच्या साहेबांचा, सर्वेशचा, फोन आला.

"किशोरी, ते मंजुरीचं बटण काढून टाक. वर्षभरात दोनशे सोळा वेळा तुला विचारलं गेलं. तू एकदाही नाही म्हणाली नाहीस."

तिने आठवून बघितलं. खरंच. टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, दिसल्या की बोट दाबून मोकळं.

"मग माझं काम, सर?"

"बघू. महिनाअखेरीस बोलू."

तिने थांब्याच्या अकरा ओळी पुसल्या. सात मिनिटांत पहिला कोड कोणाला न विचारता सर्व्हरवर चढला. काही बिघडलं नाही. तिलाही काही वाटलं नाही.

बाबली चहा घेऊन मागे उभे. "काय गो, झाला?"

"झाला. आता कोणाक इचारूक नको."

"आणि वायट गेला तर?"

"मशीन आपसूक जुनो कोड परत लायता."

"देव पण कधीतरी डावो कौल देता, बाये. तू एकदाय दिलंस नाय?"

"नाय."

"मगे तू थंय बसलंस कित्याक?" ते हसले. तिचं तोंड बघून थांबले. "आता काय करतलंस?"

"ठावक नाय, बाबा."

मागीलदारी सकाळी आणलेले बांगडे पिशवीत तसेच पडले होते, मांजर घुटमळत होतं. किशोरीने त्याला हाकललं, विळी पुढ्यात ओढली आणि पहिला बांगडा साफ करायला घेतला.