मास्तरांची माया

मास्तरांनी आयुष्यभर कपडे शिवले आणि प्रत्येक कपड्यात माया सोडली. शिवणीच्या आत दडवलेल्या त्या जादा कापडावर त्यांचा भारी जीव. पोरं वाढतात, पोटं सुटतात, कपडा उसवून सैल करता आला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं.

दुकान बंद केल्यावर ते मुलीच्या कारखान्यात कापड बेतायला बसू लागले. मुलगी ताणलेल्या कापडाची छपरं बांधायची. तिचं पहिलं मोठं काम म्हणजे शाळेचं अंगण. तिथे होता पत्रा. उन्हात खाली बसवत नसे आणि पाऊस आला की पत्र्याच्या आवाजाने शिकवणं बंद. शाळेच्या मोठ्या बाईंना तिने पटवलं होतं की कापडातून उजेड झिरपतो, दिवसा दिवे नकोत. मधे खांब नाही, पोरं मोकळी धावतील. आणि वजन इतकं हलकं की जुन्या भिंती पाडायला नकोत.

"बघू," मोठ्या बाई म्हणाल्या. "लोंबलं तर मात्र परत पत्राच."

हे काम फसलं तर पुढचं कोण देणार? म्हणून मुलीने बजावलं होतं, "बाबा, हे कापड तोकडंच कापायचं. ओढून बसवलं की पुरतं. माया अजिबात नको."

मास्तर बरं म्हणाले खरे, पण तोकडं कापड बघून त्यांना राहवेना. लेकीचं पहिलंच मोठं काम, कमी पडलं म्हणजे? त्यांनी गुपचूप जोडाजोडाला बोटभर जास्त धरलं.

छप्पर चढलं. दोर आवळून आवळून माणसं घामाघूम झाली, तरी मधली ढील जाईना. चाचणीला वर पाणी सोडलं, तर ते मधेच साचलं आणि कापडाला चांगलं पोट सुटलं. मोठ्या बाईंनी वर पाहिलं, मग मुलीकडे.

मुलीला एका नजरेत कळलं होतं. ती बोटभर माया तिने लहानपणापासून अंगावर वागवली होती. तरी ती म्हणाली, "माप माझं चुकलं, बाई."

मास्तरांपायी पोर सगळ्यांदेखत मान खाली घालून उभी होती.

"माप बरोबर होतं," ते पुढे होत म्हणाले. "कात्री माझी होती. एक संधी द्या, बाई. नाही बसलं तर खुशाल पत्रा घाला."

छप्पर उतरवलं. मास्तर एकेक शिवण उसवायला बसले. जादा कापड कापताना हात अडखळला की स्वतःलाच दटावत, "अरे, छप्पर वाढत नसतं!" मुलगी शेजारी बसून हसू दाबत शिलाई घालत होती.

दुसऱ्यांदा चढवलं तेव्हा शेवटचं टोक कडेच्या खांबाला पोचेना. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मुलगी ओरडली, "ओढा! अजून!" आणि टोक खटकन जागेवर बसलं. पाणी सोडलं, ते सरळ कडेने निघून गेलं. अंगणभर मऊ पांढरा उजेड पडला. मोठ्या बाईंनी दिवे घालवायला सांगितले आणि पोरं आरडाओरडा करत बाहेर सुटली.

"एवढं तोकडं, आणि पुरलं की गं!" मास्तर मान वर करून बघतच राहिले.

मग त्यांनी पिशवीतून एक टोपी काढली. कापलेल्या पट्ट्यांची, लेकीला उन्हात उभं राहायला शिवलेली. तिने घातली तशी ती थेट नाकापर्यंत घसरली.

"बाबा, माझं डोकं आता वाढायचं नाही!"

"असू दे," मास्तर म्हणाले. "छपराला माया नको म्हणाली होतीस. तुला नको असं कुठे म्हणालीस?"