जेसिंतेचं प्राचीत

…आणि जेसिंतेने पडद्यासमोर गुडघे टेकले, इथवर येऊन काल गोष्ट थांबली होती. सरकारी दवाखान्याच्या त्या टोकाच्या खोलीत हिरवा पडदा, पडद्यापलीकडे टेबलापाशी बसलेली संजना नावाची जामसंड्याची तरुण बाई, आणि अलीकडे गार लादीवर आपली जेसिंता. गळ्यातला क्रूस मुठीत, मान खाली, आणि कुजबूज सुरू.

पलीकडून संजना म्हणाली, "आजी, आत या ना. खुर्ची आहे."

"नको बाय, माका हयच बरां."

आता, काल जे नव्हते त्यांनी म्हणावं, ही बाई दवाखान्यात गुडघे का टेकते? तर त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ.

जेसिंता तोंडवलीची, सत्तरीला टेकलेली. नवरा एडवर्ड, उभ्या किनाऱ्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा. त्यांचं लग्न कसं जमलं ते सांगायलाच हवं. कुणाच्याशा लग्नात जनरेटर बंद पडला, बँडवाले खोळंबले, तेव्हा एडवर्ड कोट काढून खाली शिरला आणि काळाठिक्कर होऊन बाहेर आला. दिवे लागले. त्याच हातांनी त्याने जेसिंतेला नाचायला नेलं. तिच्या पांढऱ्या झग्यावर पाठीला पाच बोटं उमटली, ती कशानेच जाईनात. शेवटी तिची आई म्हणाली, "आता चेडू ह्याकाच देऊया. झगो तरी फुकट जावचो नाय."

तर तो एडवर्ड आता जेसिंतेलाच विचारतो, "बाय, तू कोणाची गो?" स्वतःच्या घरात बसून विचारतो, "घराक कधी जावचां?" आणि जरा कोणाची पाठ वळली की फाटकातून बाहेर, सुरूच्या बनातून थेट पाण्याकडे. कोणीतरी इंजिनासाठी बोलावलंय म्हणतो. म्हणून फाटकाला कडी घातली. कडी एडवर्डासाठी, पण अडकली जेसिंता. भात उतरवताना तिचा एक डोळा फाटकावर. न्हाणीत अंगावर एक तांब्या ओतला की कान बाहेर. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, जाणं सुटलं, तेर्साची जपमाळ घेऊन बसली तर दोन मणी पुढे आणि लगेच उठून कडी बघायला. बसायची म्हणून नाही. रात्रीची झोप तर विसराच. सून ग्लिनिस शाळेत शिकवते, ती संध्याकाळी म्हणायची, "मम्मी, मी आसंय, तू जरा पड." ही पडायची आणि पडल्या पडल्या विचारायची, "कडी बघलंस?"

मुलगा नेल्सन बोटीवर नोकरीला. तो फोनवरून एकच टुमणं लावून बसलेला, "पप्पांक गोव्यात आश्रमात ठेवूया. तुका आता झेपाचां नाय." जेसिंता फोन ग्लिनिसकडे देऊन स्वयंपाकघरात जायची. एडवर्ड घरातून गेला, तर तिकडे त्याला सोलकढी कोण देणार, आणि हिने घरात कोणाकडे बघायचं? तिची भीती ती एवढीच.

मग तिची छाती धडधडायला लागली. डॉक्टरांनी सगळं तपासलं, हृदय ठणठणीत निघालं. ते म्हणाले, "टोकाच्या खोलीत समुपदेशक मॅडम येतात, त्यांच्याजवळ मनातलं सगळं बोला. तिथलं बाहेर कोणाला कळत नाही." ग्लिनिस तिला खोलीपर्यंत सोडून बाहेर बाकावर बसली. आता तुम्हीच सांगा, मनातलं सगळं बोलायचं, पडद्याआडून बोलायचं, आणि ते बाहेर जाणार नाही, अशी जागा जेसिंतेने जन्मात एकच पाहिलेली. इगर्जीतला कुमसार. म्हणजे फादरापुढे पापाची कबुली. तेव्हा तिने दवाखान्यात गुडघे टेकले यात नवल ते काय!

आणि तिने सांगितलं. एका दुपारी फाटकात मासे विकणाऱ्या गंगूकडून बांगडे घेतले आणि आत येताना कडी घातली नाही. विसरली नाही, घातली नाही. एडवर्ड उठला, फाटकाशी गेला, बाहेर पडला, हे तिने खिडकीतून पाहिलं. आणि मग काय केलं? चहा केला. बसून प्यायली. शेवटच्या घोटापर्यंत. कप खाली ठेवला आणि ती अनवाणी धावत सुटली. गंगूचा नवरा दाजी समोरून एडवर्डाला हाताला धरून आणत होता, एडवर्ड कमरेपर्यंत भिजलेला. सगळे म्हणाले, "कडी घालूची रवली काय गो?" ही म्हणाली, "होय, रवली."

"तो चाय माका गोड लागलो गो बाय," पडद्याकडे बघत जेसिंता म्हणाली. "ह्यां माझां पाप."

संजना पडद्याबाहेर आली आणि तिच्याशेजारी लादीवर बसली. रागावली नाही. दमलेल्या माणसाला असं होतं, म्हणाली. जेसिंता वाट बघत राहिली. कुमसार झाला की प्राचीत मिळतं, पापाची शिक्षा, ती घेतल्याशिवाय उठायचं नसतं. संजना म्हणाली, "रोज एक तास फक्त तुमच्यासाठी काढा. आजोबांजवळ कोणाला तरी बसवा आणि समुद्रावर जाऊन बसा."

"इतक्याच?"

"सुरुवातीला एवढंच."

पाप एवढं आणि प्राचीत इतकंसं? जेसिंतेला ते काही पटलं नाही. पण दिलंय ते पाळायला हवं, आणि थोडं वाढवून पाळलं तर देवाची काही ना नसावी.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी मासे विकून परतलेली गंगू एडवर्डापाशी बसू लागली. गंगूच्या तोंडाला लगाम नाही. "वेड्यांच्या डाक्टराकडे गेलंस ती तू, आणि राखण माका? घोव तुझो, गजाली मी ऐकूच्यो?" असं म्हणायची आणि एडवर्डाला इंजिनाबद्दल विचारत बसायची. तोही खुशीत. इकडे जेसिंता भर उन्हात वाळूवर. छत्री मिटलेली, चपला बाजूला काढलेल्या, गुडघे टेकलेले. वाळू अशी तापलेली की कुत्रं पाय ठेवणार नाही. आणि समुद्राकडे बघायचं सोडून मान दर घडीला घराकडे. गंगूने कडी घातली असेल? पाणी दिलं असेल? उठावं का? उठली तर प्राचीत मोडेल. परत गुडघे, परत मान मागे. असा तो तास.

दाजीने होडीवरून पाहिलं आणि घरी जाऊन बायकोला म्हणाला, "जेसिंता रेतीर गुडघे टेकून बसलीहा. उन्हान शिजतली ती."

गंगूने ते ग्लिनिसच्या कानावर घातलं. ग्लिनिसने संध्याकाळी सासूचे पाय पाहिले. तळव्यांना फोड, गुडघे सोललेले.

"मम्मी, ह्यां काय?"

जेसिंतेने पाय पदराखाली घेतले. कुमसार आणि प्राचीत कोणाला सांगायचं नसतं.

"माका सांग, नायतर मी नेल्सनाक फोन करतंय."

जेसिंता नुसती उठून कडी बघून आली.

ग्लिनिस शांत बाई, पण त्या दिवशी तिचा पारा चढला तो उतरला नाही. पुढच्या खेपेला सासूला घेऊन ती थेट खोलीत शिरली. "म्हाताऱ्या माणसाला उन्हात बसायला सांगता? ही कसली औषधं तुमची?"

संजना गोंधळली. "मी उन्हात नाही सांगितलं हो. आजी, मागच्या वेळी तुम्ही मला जे सांगितलंत त्यावरून मी फक्त—"

"गप गो!" जेसिंता ताडकन उठली. "कुमसारातलां भायर काढूचां नसतां! तुका फादरान इतक्यादेखील शिकवल्यान नाय?"

मग संजनाच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. पडदा, गुडघे, ऊन. तिने जेसिंतेला परत बसवलं आणि आपली खुर्ची तिच्या जवळ ओढली.

"आजी, मी फादर नाही. मला माफ करता येत नाही आणि शिक्षाही देता येत नाही. तुमचं गुपित माझ्याकडून जाणार नाही, ते खरं. पण मी तुम्हाला तास दिला तो तुम्हाला बरं वाटावं म्हणून. तुम्ही तर तो भोगलात. आणि मी आठवड्यातून एकदा येते. घरात रोज तुमच्याबरोबर कोण असतं?"

जेसिंतेने ग्लिनिसकडे पाहिलं. मग दाराकडे, मग पुन्हा ग्लिनिसकडे. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. सांगितलं तर ही नेल्सनाला सांगणार. नेल्सन म्हणणार, बघ, मी म्हणत होतो. आणि एडवर्ड गोव्याला. नाही सांगितलं तर ती कडी, ते ऊन, तो गोड लागलेला चहा, हे सगळं आपलं आपणच छातीत घेऊन फिरायचं.

"ग्लिनिस," ती म्हणाली, "त्या दिवशी कडी रवली नव्हती. मी सोडलंय. आणि बसून चाय प्यालंय."

ग्लिनिस खाली बसली, सासूचा फोड आलेला पाय तिने मांडीवर घेतला आणि दवाखान्यातल्या नर्सकडून मलम मागून घेतलं. लावता लावता म्हणाली, "दुपारची माझी शाळा मी सकाळची करून मागतंय. पण मम्मी, आयतवारी नेल्सनाचो फोन येतलो. तो इचारतलो. तेका काय सांगू?"

जेसिंता पाय ओढून घेऊ लागली, ग्लिनिसने सोडला नाही. तेव्हा सासू म्हणाली:

"सांग तेका, आवशीन कडी उघडी सोडल्यान, आणि तां खराच आसा. आणि सांग, एडवर्ड खंय जावचो नाय. तू बोटीवरसून घराक ये, एक म्हयनो बापाशीक सांभाळ, मगे आश्रमाचां नाव काढ. तवसर माका जरा निजूक दिया."