जुळाऱ्याने परत केलेली बातमी

दुष्काळात घरची चारही माणसं खडी फोडायला जात होती, तेव्हा मी बी.ए. झालो आणि नगरच्या एका साप्ताहिकात चिकटलो. घराण्यातला पहिला पदवीधर. आपण लिहिलेलं कोणी परत करील, असं मला वाटत नव्हतं.

छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा जुळारी मात्र मजकूर आधी पुटपुटत वाचायचा, मगच हात चालवायचा. भर उन्हाळ्यातही त्याच्या बाह्या मनगटापर्यंत असायच्या. मला तो 'बीए' म्हणायचा.

भिंगारच्या एका माणसाचा हात बायकोने लाटण्याने मोडला. मी ती बातमी 'गमतीजमती' सदरात 'लाटण्याचा प्रसाद' म्हणून लिहिली. जुळाऱ्याने तो कागद माझ्यापुढे आणून ठेवला.

"बीए, बाईचा हात मोडला की तुमी 'मारहाण' लिवता. मग ह्याचा काय नाचताना मोडला?"

"अहो, लोक हसतात."

त्याने बाही वर सरकवली. कोपरापर्यंत उलथण्याचे चटके होते, काही जुने, एक अजून ओला.

"आमच्या घरचेच हायेत. हसा."

मालक आतून म्हणाले, "गुमान जुळव, नाहीतर दुसरा माणूस बघतो."

"बघा की. ह्ये माझ्या हातून जुळायचं न्हाई."

मालकांकडे न बघता मी मथळा खोडला आणि बातमी साधी, जशी घडली तशी लिहून दिली. शुक्रवारच्या अंकात ती दुसऱ्या पानावर 'मारहाण' या मथळ्याखाली छापून आली. बायकोचा मार 'गमतीजमती'त पुन्हा कधी आला नाही.