बर्फात लागलेलं ऊन

१४ जून. सकाळी जिस्पाच्या हॉटेलबाहेर मी गाडीच्या टपावरचं सामान दोरीने आवळून बांधत होते. नवरा टायरची हवा बघत होता. अक्का, म्हणजे त्याची भडगावची थोरली बहीण, दरीची बाजू नको म्हणून जागा बदलून बदलून शेवटी मागे मधोमध बसली होती. जळगावहून आम्ही तिघं आमच्याच गाडीने निघालो होतो. मनाली मागे पडलं होतं, पुढे लेह.

आदल्या रात्रीपासून नवऱ्याचं डोकं दुखत होतं. "प्रवासाचा शीण आहे," म्हणत त्याने गोळी घेतली आणि स्टिअरिंगवर बसला. मीही मान्य केलं. मला ती वाट बघायचीच होती.

आणि वाट तशीच होती! एका बाजूला सुटलेले दगड, दुसऱ्या बाजूला कठडा नसलेली दरी. एका वळणावर ट्रक इतका जवळून गेला की आरसा मिटावा लागला. बर्फ वितळून आलेला नाला रस्त्यावरूनच वाहत होता. सकाळी पाणी घोट्याएवढं होतं, आम्ही हसत पार केलं. मला जळगावात पिंप्राळ्यातल्या आमच्या पावसाळी गल्लीची आठवण झाली. फक्त इथे घसरलं तर थेट खाली नदीत.

बारालाचा खिंडीच्या अलीकडे दरड आली होती. गाड्यांची रांग लागली. डोंगराच्या बाजूला बर्फाची भिंत, दुसरीकडे दरी, वर कडक ऊन. तिथे नवऱ्याला उलटी झाली.

"ऊन लागनं त्याले," अक्काने निकाल दिला. "डोकं दुखस, उलटी व्हयनी, आखो काय?"

आम्हा खानदेशी माणसांना यात शंका येत नाही. मे महिन्यात घरोघरी हेच बघत मोठं झालेलो. मी पिशवीतून कांदा काढून फोडला, त्याच्या नाकाशी धरला. ओला टॉवेल डोक्यावर ठेवला. अक्काने बाटलीतलं पन्हं पाजलं. "आता पड जरा," म्हणून आम्ही त्याला सीट मागे करून झोपवलं आणि रस्ता मोकळा व्हायची वाट बघत बसलो. दीड-दोन तास गेले. बर्फाच्या भिंतीशेजारी बसून आम्ही दोघी ऊन उतरायची वाट बघत होतो!

मग त्याने डोळे उघडले आणि विचारलं, "नरडाणा गेलं का?"

नरडाण्याला त्याची कंपनी आहे. मला वाटलं, चेष्टा करतोय. पण तो खाली उतरला आणि सपाट जागेवर झिंगल्यासारखा चालू लागला. मी धावत जाऊन त्याला धरलं. मान थंडगार. ऊन लागलेल्या माणसाचं अंग तव्यासारखं तापतं. मनालीच्या औषधाच्या दुकानात सांगितलं होतं, चालताना तोल गेला तर एक मिनिटही वर थांबू नका, खाली या. ते मी ऐकलं होतं, आणि कांदा फोडत बसले होते.

"अक्का, हे ऊन नाही. उंचीचं आहे. खाली जायचं, आत्ताच."

"रस्ता मोकळा व्हई ना आते!"

"रस्ता वर जाणारा मोकळा होईल. आपल्याला तो नकोय."

"मंग गाडी कोन चालाडी?"

"मी."

"तू? जळगाव-धुळ्याची सडक शे का हाई?"

"नाही. म्हणून गप्प बसा आणि त्याला धरा."

दोन ट्रकवाल्यांनी पुढे-मागे उभं राहून मला गाडी वळवून दिली. मागचं चाक कडेपासून किती दूर आहे ते मी विचारलं नाही. उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहिले, ब्रेक तापू नयेत म्हणून. अक्का "हळू व, हळू!" करत होती. नवरा म्हणत होता, "आपण उलटे चाललोय, वळव." मी म्हणाले, "हो, वळवते," आणि वळवली नाही.

नाल्यापाशी आले तर दुपारच्या उन्हाने पाणी गुडघ्यापर्यंत चढलेलं. पलीकडून एकजण ओरडला, "मॅडम, रुकना मत!" पहिला गिअर टाकला आणि पाय उचलला नाही. मधोमध गाडी दरीकडे सरकली, दगडावर आपटली, आणि चढली! मी एवढ्याने ओरडले की अक्का देवाचं नाव विसरून माझ्याकडेच बघत राहिली. खरं सांगते, भीती होती, पण हात अगदी स्थिर होते आणि छातीत ढोल वाजत होते.

वाटेतल्या दारचा गावाच्या खाली उतरल्यावर नवऱ्याने पाणी मागितलं. जिस्पा आलं तेव्हा त्याने विचारलं, "आपण परत का आलो?" चिडून विचारलं. तो चिडका आवाज ऐकून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. तरी न थांबता केलाँगचं हॉस्पिटल गाठलं. ऑक्सिजन लावून डॉक्टर म्हणाले, "संध्याकाळपर्यंत वर थांबला असतात तर अवघड होतं. उद्या अजून खाली न्या."

रात्री नवरा पुटपुटला, "दोन दिवस आराम करू, मग लेह."

अक्का म्हणाली, "लेह तठेच राही. तू ऱ्हाशी का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेहच्या हॉटेलला फोन करून खोली रद्द केली. नवरा सवयीने ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभा राहिला होता. मी त्याला मागचं दार उघडून दिलं आणि गाडी मनालीच्या बोगद्याकडे काढली.