अडुळशाच्या फुलांचा काढा

खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये कुणाला खोकला झाला की लोक डॉक्टरच्या आधी चंपाबाईंचं दार वाजवत. नळापाशी त्यांनी लावलेला अडुळसा, त्याच्या पानांचा काढा, गुळाचा खडा आणि वर शब्दांचा आहेर: "थंड पाणी ढोसताना आठवलं नाही का?" बाई तोंडाच्या फटकळ, पण पेला रिकामा होईपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

मागच्या हिवाळ्यात लेक आम्रपालीने पीएच.डी.साठी हाच अडुळसा धरला. मूळ, खोड, पान, फूल सगळं वेगवेगळं वाळवायचं, अर्क काढायचा आणि कुठल्या भागात कुठलं औषधी द्रव्य किती ते शोधायचं. त्यात सगळे भाग एकाच झाडाचे हवेत. तिने फांद्यांना लाल दोरे बांधले आणि आईला बजावलं, "या झाडाला आता हात लावायचा नाही."

"बरं बाई. झाड माझं, हुकूम तुझा," चंपाबाई म्हणाल्या. पण घरात पहिली डॉक्टर होणार, हे त्या दहा जणांना सांगून आल्या होत्या.

बहर सरला आणि आम्रपालीलाच खोकला लागला. रविवारी सकाळी खोकून खोकून तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा चंपाबाईंचा जीव कासावीस झाला. नळापाशी गेल्या, दोरे बघून परत फिरल्या. शब्द म्हणजे शब्द. मग कपाटावर वर्तमानपत्रात वाळत घातलेली अडुळशाची फुलं दिसली. झाडाला हात न लावता काम झालं, या खुशीत त्यांनी सगळी फुलं पातेल्यात लोटली.

आम्रपालीने पातेल्यात डोकावून पाहिलं, मग कपाटावरच्या रिकाम्या वर्तमानपत्राकडे. मग खाली बसून घोट घोट करत सगळा काढा प्यायली.

"बरं वाटतंय का?"

"हो गं. छान वाटतंय."

दुपारी ती तिच्या मॅडमना फोनवर सांगत होती, "फुलं माझ्याच हातून खराब झाली. आता पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबावं लागेल." दाराआड चंपाबाईंनी ते ऐकलं. पोरीचं वर्ष आपणच उकळून तिला पाजलं. पुढचा आठवडाभर आम्रपाली घरी उशिरा यायची, आली की खोलीचं दार लावून घ्यायची. रागावली आहे, चंपाबाईंनी मनाशी धरलं, आणि विचारायचा धीर काही त्यांना झाला नाही.

या हिवाळ्यात फुलं त्यांनी स्वतः वेचली. बुद्धासमोर ठेवायलाही त्यातलं एक घेतलं नाही. कपाटाशी खुर्ची टाकून बसल्या, तेव्हा नवरा संभाजी म्हणाला, "कारखान्यातून तोफ मागवू का राखणीला?"

अखेर तपासणीचे निकाल आले. आम्रपाली स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, खोकल्यावर चालतं ते द्रव्य तुझ्या झाडाच्या पानांत भरपूर आहे. फुलांत अगदी नावाला."

चंपाबाईंचं लाटणं थांबलं. "मग त्या दिवशी तुला बरं कसं वाटलं?"

"कुठे वाटलं होतं? आठवडाभर खोकतच होते. दिवसा लॅबमध्ये, रात्री उशीत तोंड खुपसून."

"आणि मी समजत होते, माझ्यावर रागावलीस."

"तुला खोकला ऐकू आला असता ना, आई."

चंपाबाईंनी पिठाच्या हातानेच तिला जवळ ओढलं. वर्षभर अडवून धरलेलं रडू त्यांना आता आवरेना. बऱ्याच वेळाने त्यांनी नाक पुसलं.

"जा, आधी ते दोरे सोडून ये," त्या म्हणाल्या. "आणि पुन्हा खोकलीस तर माझ्यासमोर खोकायचं."