डब्यातला उजेड

चौकातल्या चाउमीनच्या गाडीवर आज व्हिनेगरचा वास आला आणि जरीपटका वस्तीतल्या आमच्या जुन्या घरातली, व्हिनेगर वापरून फोटो धुण्यासाठी अंधारी केलेली न्हाणी आठवली. वस्तीच्या वाचनालयावर बिल्डरने ‘खाजगी मालमत्ता’ असा फलक ठोकला होता. त्याविरुद्धच्या पत्रकात छापायला मला त्याचा फोटो हवा होता. कॅमेरा नव्हता, म्हणून बी.एस्सी.ला असलेल्या ताईने बिस्किटाच्या डब्याला सुईने छिद्र पाडलं आणि आत फोटोचा कागद लावला.

मी लांबूनच, आमच्या गच्चीवरून फोटो घेतला. भिंत उमटली, पण अक्षरं धूसर आली. मग नवा पत्रा लावून आईच्या मणी ओवायच्या सुईने आणखी बारीक छिद्र पाडलं, तर अक्षरं जास्तच विरघळली.

“भोक लय बारीक केलं त उजेडच पसरते वं,” ताई म्हणाली. “अक्षरं वाचाची असन त जवळ जा. काहून भिऊन राहिली?”

फलकाखाली बिल्डरचा माणूस बसायचा. दुसऱ्या दुपारी मी त्याच्यासमोरच डबा ठेवला.

“काय आहे वं डब्यात?”

“उजेड,” मी म्हटलं, आणि कागदाला पुरेसा उजेड मिळेपर्यंत जागची हलले नाही.

अक्षर न् अक्षर वाचता आलं. तेव्हा तो नुसता फोटो वाटला होता. आता लिहिताना वाक्य धूसर झालं, की मी बारीक सुई शोधत नाही. चपला घालते.